अस्सल कोणते? रिबन आणि प्लॅनर स्पीकरांच्या जीर्णोद्धाराची कहाणी

१/२५
टेबलावर माणसाच्या उंचीची एक सपाट चौकट आडवी ठेवलेली आहे. तिच्यावरचे कापड उतरवले आहे. आत एक ताणलेला पारदर्शक पडदा आणि त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या बारीक तारा दिसतात. त्यांतल्या मधल्या काही तारा पडद्यापासून सुटल्या आहेत. खर्जातला एक ठरावीक सूर लागला की त्या पडद्यावर आपटतात आणि संगीतात पतंगाच्या कागदासारखी फरफर मिसळते. शेजारी भिंतीला टेकून या स्पीकरचा जोडीदार उभा आहे. त्याचे वय तेच, पण त्याची एकही तार सुटलेली नाही. आजचा धागा या जोडीसमोर उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी आहे: जुन्या वस्तूत अस्सल ते काय?

२/२५
आधी पार्श्वभूमी. आज आपल्या भोवतालचे जवळजवळ सर्व स्पीकर एकाच कुळातले आहेत. त्या कुळाचा मूळपुरुष १९२५ सालचा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी त्या वर्षी आपले संशोधन प्रसिद्ध केले. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे, वेटोळ्याभोवती चुंबक. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते आणि शंकूला ढकलते. ही रचना स्वस्त, टिकाऊ आणि दणकट निघाली. तिच्यात एक उणीव मात्र राहिली. जोर शंकूच्या मध्यावर लागतो आणि कडेपर्यंत तो पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे उंच स्वरांत शंकू एकसंध हलत नाही.

३/२५
याच काळात दुसरे एक कूळ जन्माला आले होते. १९२४ च्या सुमारास जर्मनीत सीमेन्स कंपनीत वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी रिबन मायक्रोफोन आणि रिबन स्पीकर यांची कल्पना मांडली. शॉट्की हे नाव इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना शॉट्की डायोडमुळे परिचित असते. गेरलाख या नावाबाबत मात्र सावध राहावे. भौतिकशास्त्रातील प्रसिद्ध स्टर्न-गेरलाख प्रयोगाचे वाल्टर गेरलाख वेगळे आणि हे एर्विन गेरलाख वेगळे. नावसाधर्म्यामुळे दोन व्यक्ती एक होण्याचा धोका इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही.

४/२५
कल्पना अशी होती: वेटोळे आणि शंकू असे दोन भाग ठेवायचेच कशाला? चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अॅल्युमिनिअमची अतिशय पातळ पट्टी लोंबती ठेवावी आणि प्रवाह थेट तिच्यातूनच सोडावा. म्हणजे जिच्यावर बल लागते तीच हवाही हलवते. पट्टीच्या संपूर्ण पृष्ठावर बल एकाच वेळी लागते. वजन नगण्य असल्यामुळे ती क्षणात हलते आणि क्षणात थांबते. हीच पट्टी उलट वापरली, म्हणजे आवाजाने ती हलू दिली, की तिच्यात प्रवाह निर्माण होतो आणि ती मायक्रोफोन बनते. आरसीए कंपनीत हॅरी ओल्सन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी याच तत्त्वावरचे मायक्रोफोन घडवले. पुढे ते अमेरिकी आकाशवाणीची ओळखच ठरले.

५/२५
स्पीकर म्हणून मात्र रिबनला मोठा संसार पेलवला नाही. धातूच्या आखूड पट्टीचा विद्युतरोध एका ओहमचा काही अंश इतकाच असतो. अॅम्प्लिफायरला तो जवळजवळ शॉर्ट सर्किटच वाटतो, म्हणून मध्ये ट्रान्स्फॉर्मर घालावा लागतो. पट्टी फार हलूही शकत नाही. खर्जासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते आणि ते काम हिच्या आवाक्याबाहेरचे. त्यामुळे कित्येक दशके रिबनकडे केवळ उंच स्वरांचे काम राहिले. इंग्लंडमध्ये १९४९ च्या सुमारास आलेला ‘अकूस्टिकल कॉर्नर रिबन’ आणि त्यानंतरचा स्टॅनली केली यांचा, पुढे डेक्काच्या नावाने प्रसिद्ध झालेला रिबन ट्वीटर ही त्याची दोन ठळक उदाहरणे.

६/२५
कॉर्नर रिबन बनवणारी अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी पीटर वॉकर यांनी १९३६ साली लंडनमध्ये स्थापन केली. महायुद्धातील बॉम्बवर्षावानंतर १९४१ मध्ये ती हंटिंग्डनला हलली. पुढे ‘क्वाड’ या नावाने ती ओळखली गेली. वॉकर यांनी डी. टी. एन. विल्यमसन यांच्या सहकार्याने आणखी वेगळी वाट धरली. चुंबक नाही, पट्टीही नाही. विद्युतभारित प्लास्टिकचा पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रांच्या जाळ्या. १९५७ पासून बाजारात आलेला हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९८५ पर्यंत बनत राहिला. कंपनीचे घोषवाक्य मूळ ध्वनीच्या शक्य तितक्या निकट जाण्याचे होते. त्यातील ‘मूळ’ हा शब्द लक्षात ठेवावा. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

७/२५
आता अमेरिकेकडे. तेथे आर्थर जान्झेन यांच्या इलेक्ट्रोस्टॅटिक संशोधनातून ‘केएलएच नाइन’ हा उंच, सपाट स्पीकर घडला होता. मिनेसोटा राज्यातील थ्री एम कंपनीत काम करणारे अभियंता जिम वाइनी यांना त्याच्या आवाजाने भुरळ घातली. पण हजारो व्होल्टचा दाब, ठिणग्या आणि धूळ ही इलेक्ट्रोस्टॅटिकची जन्मजात दुखणी. सपाट पडद्याचा आवाज तसाच ठेवून ही दुखणी टाळता येतील का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. उत्तर चुंबकीय रबराच्या लवचीक पट्ट्यांत सापडले. फ्रिजचे दार ज्या जातीच्या पट्टीने घट्ट बसते, तीच ही जात.

८/२५
१९६९ साली वाइनी यांनी व्हाइट बेअर लेक या गावी मॅग्नेपॅन कंपनी सुरू केली. रचना साधी होती. छिद्रे पाडलेल्या पोलादी पत्र्यावर चुंबकाच्या पट्ट्यांच्या ओळी. त्यांच्यासमोर थोडे अंतर सोडून ताणलेला मायलारचा पडदा. पडद्यावर चिकटवलेली अॅल्युमिनिअमची तार, ती वर जाते, वळते, खाली येते, पुन्हा वळते. चुंबकांचे ध्रुव आळीपाळीने मांडलेले असल्यामुळे तारेच्या वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या दोन्ही फेऱ्या पडद्याला एकाच दिशेने ढकलतात. रिबनमध्ये प्रवाह वाहणारी वस्तूच पडदा असते. येथे पडदा प्लास्टिकचा आणि प्रवाह त्यावरच्या तारेतून. म्हणून या प्रकाराला प्लॅनर मॅग्नेटिक म्हणतात. पुढे १९८० च्या दशकात मॅग्नेपॅनने आपल्या मोठ्या स्पीकरांत उंच स्वरांसाठी सुमारे पाच फूट लांबीची खरी रिबनही बसवली.

९/२५
त्याच दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समध्ये जेसन ब्लूम आणि लिओ स्पीगेल यांच्या पुढाकाराने अपोजी अकूस्टिक्स उभी राहिली. खर्जापासून टिपेपर्यंत सारे काही रिबनने वाजवायचे, हा तिचा ध्यास. खर्जाचा पडदा नालीदार पत्र्यासारखा चुण्या घातलेला, भल्यामोठ्या आकाराचा. त्यांचा ‘सिंटिला’ हा स्पीकर १ ओहमच्या जोडणीसाठी गाजला. नेहमीच्या ८ ओहमच्या स्पीकरला लागतो त्याच्या आठपट प्रवाह तेवढ्याच व्होल्टेजला तो मागे. अनेक अॅम्प्लिफायर त्याच्यापुढे गळाठून गेले. क्रेलसारख्या कंपन्यांचे अवाढव्य अॅम्प्लिफायर या जोडीला लावले जात ते याच कारणाने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अपोजी बंद पडली.

१०/२५
ही कल्पना १९२४ ची असताना ती फुलायला इतकी दशके का लागली? उत्तर रसायनशास्त्रात आहे. मायलार ज्या पॉलिएस्टरपासून बनतो त्याचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हिनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी लावला. मायलारची पातळ, मजबूत फिल्म ड्युपॉन्टने १९५० च्या दशकात बाजारात आणली. अपोजीच्या रिबनमध्ये अॅल्युमिनिअमला आधार देणारी कॅप्टनची फिल्म १९६० च्या दशकातली. शॉट्की आणि गेरलाख यांच्याजवळ तत्त्व होते, पण हे पदार्थ नव्हते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कल्पनेच्या जन्मतारखेपेक्षा सामग्रीची जन्मतारीख अनेकदा अधिक बोलकी ठरते.

११/२५
सामग्रीने जन्म दिला, तसा मृत्यूही सामग्रीनेच ठरवला. चुंबक टिकतात, पोलादी पत्रा टिकतो, मायलारही बऱ्यापैकी टिकतो. पहिल्यांदा हार मानते ते चिकटद्रव्य. ऊन, उष्णता, ओलावा आणि लाखो कंपने यांनी ते कोरडे होते, भुकटी होते, नाहीतर पुन्हा ओलसर चिकट होते. तार सुटते आणि फरफर सुरू होते. अपोजीमध्ये कडेचा फोम झिजून जातो आणि फॉइल आपल्या आधारापासून सुटते. खिडकीलगत उभा राहिलेला स्पीकर लवकर जातो. अंधाऱ्या कोपऱ्यातला उशिरा. म्हणजे वस्तूचे आयुर्मान तिच्यातल्या सर्वांत स्वस्त घटकाने ठरवले.

१२/२५
आता पुन्हा त्या टेबलाकडे. दुरुस्ती करणारा माणूस पहिले काम दुरुस्तीचे करत नाही. तो छायाचित्रे घेतो. मग पडद्यावर ट्रेसिंग कागद ठेवून प्रत्येक तारेची वाट रेखतो: कुठून निघाली, किती फेऱ्या, दोन फेऱ्यांत अंतर किती. एक फेरी जरी चुकीच्या दिशेने वळली तर पडद्याचा तेवढा भाग बाकीच्यांच्या विरुद्ध ओढू लागेल. मग मल्टिमीटरने रोध मोजून तो लिहून ठेवतो. हे टिपण फार मोलाचे असते, कारण तार निघाल्यानंतर मूळ मांडणीचा दुसरा पुरावा उरतो तो एवढाच: पडद्यावर राहिलेले जुन्या गोंदाचे वळ.

१३/२५
सुटलेल्या तारा मोजक्याच असतील तर त्या जागच्या जागी पुन्हा चिकटवता येतात. सगळाच गोंद गेला असेल तर पूर्ण तार उतरवावी लागते. मग अॅसिटोनसारख्या द्रावकात भिजवलेल्या मऊ कापडाने जुना गोंद इंचाइंचाने पुसायचा. पडद्यावर नखाचा ओरखडासुद्धा चालत नाही. ताणलेल्या फिल्ममध्ये ओरखड्याची चीर व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर नव्या चिकटद्रव्याचा हलका थर आणि नव्या तारेची मांडणी. थर जाड झाला तर पडद्याचे वजन वाढते आणि आवाज मंदावतो. पातळ राहिला तर काही वर्षांत पुन्हा हाच दिवस.

१४/२५
तारेच्या टोकांशी वेगळीच अडचण. अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा थर इतक्या झटपट चढतो की साधा डाख त्याला धरत नाही. जुन्या जोडांत हाच थर साचून आवाज क्षीण होतो किंवा अधूनमधून बंद पडतो. म्हणून जोड दाबून बसवावा लागतो. येथे पहिला मोह उभा राहतो: अॅल्युमिनिअमऐवजी तांब्याची तार का घेऊ नये? डाख सहज लागेल, सगळीकडे मिळेल. पण तांबे अॅल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असते. त्याच जाडीच्या तारेने पडदा जड होईल, उंच स्वर मागे सरतील आणि रोधही बदलेल. स्पीकर वाजेल, पण तोच स्पीकर वाजतो आहे असे म्हणता येईल का?

१५/२५
खऱ्या रिबनचे काम याहून नाजूक. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायची फॉइल साधारण १० मायक्रॉनहून जाड असते. जुन्या रिबन मायक्रोफोनमधली पट्टी सुमारे २ मायक्रॉनची. स्पीकरच्या उंच स्वरांच्या रिबनही अनेकदा याच घराण्यातल्या. ती कापताना पंखा बंद ठेवतात, तोंडासमोर हात धरून श्वास घेतात. तिला आडव्या बारीक चुण्या पाडतात, म्हणजे ती ताणली न जाता लवते. चुंबकाच्या फटीत ती बसवताना पोलादी कात्री जवळ आणणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण. चुंबक कात्री ओढून घेतो आणि तास-दोन तासांची मेहनत एका क्षणात फाटते.

१६/२५
क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये धोका जिवावरचा असतो. खर्जाच्या पडद्यावर सुमारे ६,००० व्होल्ट आणि उंच स्वरांच्या पडद्यावर सुमारे १,५०० व्होल्ट असा दाब ठेवलेला असतो. वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हा स्पीकर घडला तेव्हा जोडीला क्वाडचाच १५ वॉटचा ‘क्वाड २’ अॅम्प्लिफायर अपेक्षित होता. पुढच्या पिढीने त्याला त्याच्या कितीतरी पट ताकदीचे अॅम्प्लिफायर जोडले आणि उंच स्वरांच्या पडद्यांत ठिणगी पडून छिद्रे झाली. अशा स्पीकरांचे पडदे, दाब देणारे भाग आणि धूळरोधक आवरणे बदलून देणाऱ्या कार्यशाळा आजही आहेत.

१७/२५
आतापर्यंतची कामे दुरुस्तीची. पण या छंदात दुरुस्ती आणि सुधारणा यांच्यात कुंपण नाही. चौकट उघडलीच आहे, तर लाकडाच्या भुशाची पाटी काढून सागवानासारख्या भरीव लाकडाची का घालू नये? क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि उंच स्वर वेगळे करणारा भाग, बाहेर वेगळ्या पेटीत का नेऊ नये? संरक्षक फ्यूज आवाजाच्या वाटेत अडथळा आणतो असे वाटते, तर तो का काढू नये? जुन्या फेराइट चुंबकांऐवजी १९८० च्या दशकात अवतरलेले शक्तिशाली निओडिमिअम का नको? प्रत्येक प्रश्नाला ध्वनिशास्त्राचे काही ना काही पाठबळ असते.

१८/२५
याचे सर्वांत भव्य उदाहरण १९७० च्या दशकातील मार्क लेविन्सन यांची ‘एचक्यूडी’ प्रणाली. एच म्हणजे हार्टलीचा २४ इंची खर्जाचा स्पीकर, क्यू म्हणजे एकावर एक रचलेल्या क्वाडच्या जोड्या, डी म्हणजे डेक्काचा रिबन ट्वीटर. तीन वेगळ्या कंपन्यांची पात्रे एका नाटकात. वॉकर यांनी एकटा उभा राहील असा स्पीकर घडवला होता. येथे तो मधल्या स्वरांपुरता राहिला. ज्यांनी हा प्रयोग उभा केला त्यांना क्वाडविषयी अनादर नव्हता, उलट अतोनात प्रेम होते. वस्तू बदलण्यामागे प्रेम असू शकते, ही गोष्ट या वादात सहज विसरली जाते.

१९/२५
सुधारणेचा एक सूक्ष्म सापळा पाहू. जुन्या क्रॉसओव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वयानुसार बिघडतात, म्हणून ते बदलणे योग्यच. त्यांच्या जागी आज उत्तम दर्जाचे फिल्म कॅपॅसिटर मिळतात. पण जुन्या कॅपॅसिटरचा स्वतःचा थोडा रोध असे आणि मूळ अभियंत्याने आवाज जुळवताना तो हिशेबात धरलेला असू शकतो. नव्या भागात तो जवळजवळ नसतो, म्हणून उंच स्वर थोडे चढे वाटतात. ऐकणारा म्हणतो, काय स्वच्छ झाला आवाज! जाणकार मात्र मालिकेत एक लहानसा रोध जोडतो आणि जुना तोल परत आणतो. पहिल्याने भाग सुधारला. दुसऱ्याने अभियंत्याचा हेतू वाचला.

२०/२५
मराठी इतिहासाच्या वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. दप्तरातील कागद हाती आला की आपण पहिला प्रश्न विचारतो: अस्सल की नक्कल? गडावरच्या ढासळलेल्या तटाला सिमेंट लावले की आपण हळहळतो आणि तट तसाच कोसळू दिला तरी हळहळतो. जीर्णोद्धार या शब्दात उद्धार आहे, आणि पुष्कळदा जुने पुसून टाकणेही. पण स्पीकरची अवस्था कागदाहून अवघड आहे. जीर्ण कागद वाचता येतो. न वाजणारा स्पीकर काहीच सांगत नाही. त्याचा मजकूर म्हणजे त्याचा आवाज. तो ऐकायचा तर वस्तूला हात लावावाच लागतो.

२१/२५
येथे वॉकर यांचा ‘मूळ’ हा शब्द परत येतो. त्यांच्या दृष्टीने मूळ ध्वनी म्हणजे सभागृहातील वादकांचा ध्वनी. स्पीकर हे तेथवर जाण्याचे साधन. ते जितके कमी जाणवेल तितके चांगले. आज जुना क्वाड किंवा मॅग्नेप्लॅनर शोधणारा माणूस ‘मूळ’ म्हणतो तेव्हा त्याला कारखान्यातून निघालेली ती विशिष्ट वस्तू अभिप्रेत असते. पहिल्या अर्थाने पाहिले तर प्रत्येक सुधारणा ही निर्मात्याच्या व्रताचीच पुढची पायरी. दुसऱ्या अर्थाने पाहिले तर तीच सुधारणा पुराव्याचा नाश. दोन्ही पक्ष एकच शब्द वापरतात आणि म्हणून त्यांची भांडणे मिटत नाहीत.

२२/२५
मग नवा असताना तो कसा वाजत होता, हे सांगणार कोण? कान साक्षीदार म्हणून कच्चे असतात. चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज कोणालाही तंतोतंत आठवत नाही. उरतात ती आकृत्यांची पाने, सर्व्हिस मॅन्युअल, त्या काळच्या मासिकांतील आलेख. क्वाडची तांत्रिक माहिती पुष्कळ उपलब्ध राहिली. मॅग्नेपॅनने अनेक जुने स्पीकर कारखान्यात परत घेऊन नव्याने बांधून दिले. अपोजीचा आधार मात्र कंपनीबरोबर गेला. तिचे स्पीकर आज वाजतात ते मालकांनी, ऑस्ट्रेलियापासून युरोपपर्यंतच्या कारागिरांनी उघडून, मोजून, चुकून शिकलेल्या ज्ञानावर. हे ज्ञान बहुतांशी हातात असते, आणि हात थकले की जाते.

२३/२५
म्हणून टेबलाशेजारी भिंतीला टेकलेल्या त्या निरोगी जोडीदाराचा प्रश्न सर्वांत कठीण. स्टिरिओची जोडी सारखी वाजली पाहिजे. एकाला नवी तार आणि नवा गोंद मिळाला तर दोघांचा तोल बिघडू शकतो. रूढ सल्ला असा की दोन्ही एकदमच उघडावेत. दुसऱ्याचाही गोंद आज ना उद्या सुटणारच आहे. सल्ला व्यवहाराचा आहे. पण त्यातून जो अजून कारखान्याच्या हाताने बोलतो आहे, तो एकमेव साक्षीदारही गप्प होतो. चांगल्या आवाजासाठी द्यावी लागणारी ही किंमत एकदा दिली की परत मिळत नाही.

२४/२५
याला मधला मार्ग आहे आणि तो संग्रहालयांच्या संवर्धनशास्त्राला परिचित आहे. आधी निरोगी स्पीकर मोजावा: प्रत्येक स्वराला त्याचा प्रतिसाद, त्याचा रोध, पडद्याचा ताण, आवाजाचे ध्वनिमुद्रण. मग आजारी स्पीकर त्याच्याशी जुळेपर्यंत दुरुस्त करावा. तार अॅल्युमिनिअमचीच, जाडी तीच, फेऱ्या त्याच. चौकट बदलायची झाली तर जुनी जपून ठेवावी. क्रॉसओव्हर बाहेर न्यायचा झाला तर जुना न तोडता बाजूला काढावा. जे काही केले ते तारखेनिशी लिहून पाठीमागे चिकटवावे. पुढच्या माणसाला आपला हात कुठे लागला ते कळले पाहिजे. बदल करण्याचा अधिकार मालकाला आहेच. तो लपवण्याचा मात्र नाही.

२५/२५
शेवटी चाचणी. खर्जापासून वर सरकत जाणारा एकच सूर हळूहळू सोडला जातो आणि खोलीतले सगळे श्वास रोखून ऐकतात. ज्या जागी फरफर व्हायची ती जागा येते आणि निघून जाते. कापड पुन्हा चढते, चौकट उभी राहते, जोडीदाराशेजारी जाऊन बसते. निरोगी जोडीदार न उघडताच राहिला आहे. त्याची तार सुटेल त्या दिवशी त्याचीही पाळी येईल. उतरवलेली जुनी तार एका लिफाफ्यात, ट्रेसिंग कागदाच्या घडीसोबत, चौकटीच्या मागे ठेवलेली आहे. लिफाफ्यावर रोधाचा आकडा आणि तारीख. कधीतरी कोणी विचारील, यातले अस्सल किती? त्याला उत्तर शोधायला कागद मिळेल.

धागा समाप्त. घरात जुना रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर किंवा स्पीकर असेल तर तो उघडण्यापूर्वी एक छायाचित्र अवश्य घ्यावे.